सरकती रांग

फ्लोरिडातल्या ऑरलँडोजवळच्या, डिस्नेच्या मॅजिक किंग्डमला स्वतःच्या गाडीने गेलं, तर गाडी लावून झाल्यावरही समोर उद्यान नसतं, तळं असतं. किल्ला पलीकडच्या काठावर. इकडून तिकडे जायला मोनोरेल, नाहीतर बोट. म्हणजे पहिल्या पाळण्याच्या रांगेत उभं राहण्याआधीच वाहनतळाची, बॅगा तपासण्याची, मोनोरेलची आणि प्रवेशद्वाराची अशा चार रांगा पार पडलेल्या असतात. १ ऑक्टोबर १९७१ रोजी उद्यान उघडलं तेव्हापासून ही रचना अशीच आहे आणि ती मुद्दाम केलेली आहे. रोजचं जग मागे टाकून पाहुण्याने यावं, म्हणून मध्ये पाणी. हेतूत काव्य असेलही. पण मूल कडेवर आणि मागून गुडघे धरत येणारी आजी अशा कुटुंबाला त्या पाण्यात काव्य दिसत नाही. त्यांना दिसतं ते एवढंच, की आठला निघूनही आत पोचेपर्यंत साडेनऊ वाजले आणि आपल्याआधी निम्मी अमेरिका येऊन बसली आहे.

या व्यवसायात दरवर्षी मांडल्या जाणाऱ्या अंदाजांनुसार २०१९ मध्ये या एका उद्यानात जवळपास २ कोटी १० लाख माणसं आली. दिवसाला सरासरी ५७ हजार. सरासरीच ती, नाताळ ते नववर्ष या आठवड्यात तिला काही अर्थ उरत नाही. अशा गर्दीत जाणाऱ्याला सल्ले मिळतात ते दोन. पैसे टाका आणि रांग चुकवा, हा एक. ऐन सुट्टीत जाऊच नका, हा दुसरा. पहिला खोटा नाही, पण अर्धवट आहे. दुसरा खरा आहे, पण मुलांच्या शाळा आणि ऑफिसातली रजा यांच्या तावडीत सापडलेल्यांना निरुपयोगी. मला वाटतं, दोन्ही सल्ले गर्दी आणि रांग या दोन गोष्टींची गल्लत करतात. गर्दी म्हणजे फाटकाच्या आत असलेली माणसं. ती आपल्या हातात नाही. रांग म्हणजे एका ठरावीक खेळण्यावर तासाभरात जितकी माणसं बसू शकतात त्याहून जास्त माणसं तिथे येणं. तिच्यापुढे पैसा टाकला तर ती संपत नाही, फक्त दुसऱ्या कुणाच्या अंगावर सरकते. आपल्या वाट्याची रांग खरोखर कमी करायची, तर दोनच गोष्टी उपयोगी पडतात: घड्याळ आणि आपल्याच यादीला लावलेली कात्री.

यासाठी आधी खेळण्यांकडे जरा जवळून बघावं लागतं. हॉन्टेड मॅन्शन हा तिथला भूतबंगला घ्या. काळ्या रंगाच्या, पाठीमागून डोक्यापर्यंत वळवलेल्या दोन-तीन जणांच्या खुर्च्या एकामागोमाग एक साखळीत ओवलेल्या आहेत आणि ती साखळी सहसा थांबतच नाही. चढायच्या जागी जमिनीवर खुर्चीच्याच वेगाने चालणारा सरकता पट्टा. माणूस पट्ट्यावर पाऊल टाकतो, बसतो, समोरची दांडी खाली येते आणि खुर्ची अंधारात वळते. तोवर पुढच्याचं पाऊल पट्ट्यावर पडलेलं असतं. गाडी येऊन थांबणं, माणसं उतरणं, नवी चढणं हा वेळच इथे खर्ची पडत नाही. त्यामुळे तासाला दोन हजारांहून जास्त माणसं सहज आत जातात. आता थोड्याच अंतरावरचं पीटर पॅन्स फ्लाइट. तेही १९७१चंच. छतावरच्या रुळाला टांगलेली छोटी गलबतं, एकात दोघं-तिघं. तासाला माणसं जातात ती भूतबंगल्याच्या साधारण निम्मी. खेळ जेमतेम तीन मिनिटांचा, पण लहान मुलांच्या प्रत्येक कुटुंबाला तो हवाच असतो. त्यामुळे तिथली रांग सकाळी अकरापासून रात्रीपर्यंत हटत नाही. जॉन लिटल या अभ्यासकाने १९६१ मध्ये सिद्ध केलेला एक साधा नियम आहे: रांगेतल्या माणसांची संख्या म्हणजे माणसं येण्याचा वेग गुणिले सरासरी थांबण्याचा वेळ. उलटं वाचलं तर थांबणं किती हे नुसत्या रांगेच्या लांबीवर ठरत नाही, ती किती वेगाने रिकामी होते यावरही ठरतं. दाराबाहेर आलेली भूतबंगल्याची रांग पाहून पळ काढणारा आणि कमानीआड दडलेली पीटर पॅनची आखूड रांग पाहून आत शिरणारा, दोघेही फसतात. अर्थात फलकावर मिनिटं लिहिलेली असतात, फोनवरच्या अ‍ॅपवरही दिसतात. पण पाच मिनिटांपूर्वी काय होतं ते त्यातून कळतं, वीस मिनिटांनी काय होणार ते खेळण्याची जात माहीत असलेल्यालाच कळतं.

हे दुखणं उद्यानाच्या मालकांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅनाहाइमचं मूळ डिस्नेलँड १७ जुलै १९५५ रोजी उघडलं, तेव्हा खोट्या निमंत्रण-तिकिटांवर हजारो जण आत घुसले होते. त्याच वर्षी त्यांनी एक हुशार युक्ती काढली. प्रवेशाचे पैसे वेगळे आणि खेळांच्या तिकिटांचं वेगळं पुस्तक. तिकिटांच्या प्रती अक्षरांनी ठरलेल्या. ए सर्वात स्वस्त आणि १९५९ पासून ई सर्वात भारी. पुस्तकात ई तिकिटं मोजकीच. ती संपली की उरलेली ए आणि बी फुकट घालवायची कशी, या हिशेबाने माणसं घोडागाडीत बसत, मेरी-गो-राउंडवर जात. म्हणजे कुणालाही न रागावता, न अडवता, पाहुणे आपण होऊन उद्यानभर पांगत. १९८२ मध्ये ही पुस्तकं बंद झाली आणि एकदा पैसे भरा, हवं तेवढं फिरा ही पद्धत कायमची आली. ग्राहकाला ती सोयीची वाटली, आणि आहेही. पण त्या दिवसापासून मेरी-गो-राउंड आणि स्पेस माउंटन ही रोलर कोस्टर यांची किंमत सारखीच, म्हणजे शून्य, झाली. ज्याची किंमत शून्य त्याच्यापुढे झुंबड उडणारच. पैशाची किंमत काढून घेतली की तिच्या जागी वेळेची किंमत बसते, आणि रांग म्हणजे तीच.

पुढचा सगळा इतिहास ही वेळेची किंमत कुणाकडून वसूल करायची याचा आहे. १९९९ मध्ये फास्टपास आला. यंत्रात तिकीट घालायचं, ठरावीक वेळेची चिठ्ठी घ्यायची, तोवर हिंडायचं आणि वेळ झाली की वेगळ्या वाटेने आत जायचं. फुकट. ऐकायला बिनतोड, पण यात एक मेख होती. चिठ्ठी घेतलेला माणूस तोवर बाकावर बसून आइस्क्रीम खाईल अशी अपेक्षा, प्रत्यक्षात तो दुसऱ्या खेळण्याच्या रांगेत जाऊन उभा राही. एकच माणूस एका वेळी दोन रांगांत! खेळण्यांच्या खुर्च्या तेवढ्याच, पण रांगा लावणारी माणसं जणू दीडपट झाली. समजा एका खेळण्यावर तासाला १,००० जण बसतात आणि त्यातल्या ८०० जागा चिठ्ठीवाल्यांना दिल्या. साध्या रांगेत तुमच्यापुढे ३०० माणसं आहेत. चिठ्ठ्या नसत्या तर १८ मिनिटांत तुमचा नंबर लागला असता. आता लागतील ९०. कुणी म्हणेल, चिठ्ठ्या नसत्या तर ते ८०० जणही याच रांगेत असते. काही असते, हे कबूल. पण सगळे नसते. दीड तास उन्हात उभं राहायचं म्हटल्यावर त्यातले कितीतरी जण दुसरीकडे वळले असते. चिठ्ठीने त्यांचं ते थांबणं स्वस्त केलं. दोन वाटा जिथे मिळत तिथे थोडा वेळ थांबून पाहिलं तर हा हिशेब डोळ्यांना दिसायचा. एक तरुण कर्मचारी हात आडवा धरून उभा असायचा. उजवीकडून चिठ्ठीवाले येत राहायचे, दहा, वीस, एखादं वीस जणांचं खटलं. मध्येच हात खाली यायचा, डावीकडचे चार जण सुटायचे, हात पुन्हा वर. डावीकडच्यांचे चेहरे वर्णन करण्याची गरज नाही.

ऑक्टोबर २०२१ मध्ये फास्टपासच्या जागी जिनी प्लस ही विकतची सोय आली. फ्लोरिडात सुरुवातीला दिवसाला माणशी १५ डॉलर, वर कर. मग दर तारखेप्रमाणे बदलू लागला, नाव बदलून लायटनिंग लेन झालं, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रीमियर पास आला. तो असला की वेळ ठरवून घेण्याचीही कटकट नाही, केव्हाही जा, प्रत्येक मोठ्या खेळण्यावर एकदा. मॅजिक किंग्डममध्ये गर्दीच्या दिवसांत त्याची किंमत माणशी चारशे डॉलरच्या वर जाते, आणि हे सणासुदीला दोनशे डॉलरच्या घरात गेलेल्या प्रवेशाच्या तिकिटाखेरीज. खुर्च्या मात्र अजूनही तेवढ्याच आहेत.

इथे एक आक्षेप हमखास येतो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. पुण्याहून किंवा नाशिकहून आलेल्या कुटुंबाने विमान, व्हिसा, हॉटेल यांत लाखो रुपये घातले आहेत. आयुष्यात पुन्हा येणं व्हायचं नाही. अशा वेळी आणखी काही डॉलर टाकून तीन तास वाचत असतील तर का टाकू नयेत? जरूर टाकावेत. एका कुटुंबाने एका दिवसापुरता केलेला तो हिशेब बरोबरच असतो. माझा आक्षेप घेणाऱ्यावर नाही, त्या पासला गर्दीवरचा उपाय म्हणण्यावर आहे. तो उपाय असता तर जितके जास्त लोक तो घेतील तितकी रांग कमी झाली असती. होतं उलटं. घेणारे वाढले की पासवाल्यांची वाटही तुंबते, मग तिच्यावरची आणखी महाग वाट निघते. सवलत कुठलीही असो, तिच्यामागे गर्दी लागतेच. अपंगत्वामुळे रांगेत थांबणं अवघड असलेल्यांसाठीच्या सोयीचाही असाच गैरफायदा घेतला गेला. २०२४ मध्ये तिचे नियम आवळले तेव्हा खऱ्या गरजूंचीही फरफट झाली. आपल्याकडून आई-वडलांना घेऊन जाणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं, की तिथे व्हीलचेअर घेतली म्हणजे रांगेपुढे जायला मिळतं असं नाही. बहुतेक रांगा व्हीलचेअर जाईल एवढ्या रुंद केलेल्या आहेत, आणि व्हीलचेअर त्याच रांगेतून जाते. व्हीलचेअर जरूर घ्यावी, पण पायांसाठी, नंबरासाठी नव्हे.

दुसरा आक्षेप जास्त मूलगामी आहे. मुळात एवढी माणसं आत सोडताच का? फाटक लवकर बंद करा. हे करून पाहिलेलं आहे. सप्टेंबर २००५ मध्ये उघडलेल्या हाँगकाँगच्या डिस्नेलँडने पुढच्याच चिनी नववर्षात, फेब्रुवारी २००६ मध्ये, उद्यान भरलं म्हणून फाटक लावलं. पण लोकांच्या हातातल्या तिकिटांवर तारीखच नव्हती. ती मुदतीत कोणत्याही दिवशी चालणारी होती. चीनच्या मुख्य भूमीवरून मुलाबाळांसह आलेल्या लोकांनी लोखंडी फाटकावर चढून मुलं पलीकडे दिली, ती छायाचित्रं जगभर छापून आली. नुसती संख्येची मर्यादा घातली तर आतली रांग फाटकाबाहेर येते, आणि बाहेर तर भूतबंगलाही नसतो. मर्यादा चालते ती तारखेच्या तिकिटाबरोबर. टोकियोने तेच केलं. तिथली दोन्ही उद्यानं डिस्ने नव्हे, तर ओरिएंटल लँड ही जपानी कंपनी चालवते. २०१८-१९ मध्ये तिथे सव्वातीन कोटींहून अधिक माणसं आली होती. महासाथीनंतर रोजच्या संख्येवरची मर्यादा आधीपेक्षा खाली ठेवली, तिकिटाचे दर तारखेनुसार केले. २०२३-२४ मध्ये माणसं आली पावणेतीन कोटी आणि नफा झाला तोवरचा सर्वाधिक. म्हणजे गर्दी कमी करणं अशक्य नाही आणि धंद्याच्या मुळावर येणारंही नाही. पण तो नफा आला कुठून? मोठ्यांचं तिकीट गर्दीच्या दिवशी १०,९०० येनांवर गेलं, जलद वाटेचे पैसे वेगळे. पाच जणांच्या मध्यमवर्गीय कुटुंबाची रांग कमी झाली, कारण त्यातली काही कुटुंबं आता येतच नाहीत. रांग इथेही सरकलीच. उद्यानातून निघून ती घरच्या जमाखर्चात जाऊन बसली. तरीही दोहोंतून निवडायचं झालं तर मी टोकियोच्या बाजूने आहे. तिथे निदान काय मिळणार आणि कितीला, हे घरून निघण्याआधी कळतं. पैसे घेऊन आत सोडायचं आणि मग आतल्या गर्दीपासून सुटकेचे पुन्हा पैसे मागायचे, हा आवळा देऊन कोहळा काढण्याचा प्रकार तिथे ऑरलँडोइतका उघडा नाही.

उद्यानाने काय करावं हा आपल्या हातातला प्रश्न नाही. आपल्या हातात उरतं ते घड्याळ. मॅजिक किंग्डमसारख्या ठिकाणी रांगा सकाळी दहा-साडेदहापर्यंत चढत जातात, दुपारी चारपर्यंत माथ्यावर राहतात आणि आतषबाजी संपून लहान मुलांची कुटुंबं परतू लागली की उतरतात. म्हणून ज्या खेळण्यांवर तासाला माणसं कमी जातात ती पहिल्या तासात करावीत आणि भूतबंगल्यासारखी, माणसं भराभर गिळणारी, भर दुपारसाठी ठेवावीत. दुपारी त्यांच्यात थंडावाही असतो. डिस्नेच्या स्वतःच्या हॉटेलांत उतरलेल्यांना सगळ्यांच्या अर्धा तास आधी आत सोडतात. हाही पैशाचाच खेळ, पण त्या अर्ध्या तासात सकाळच्या दोन मोठ्या रांगा वाचतात. वर्षातल्या वेळेचंही तसंच. अमेरिकेतल्या मराठी घरांत आई-वडील येतात ते बहुधा मे ते ऑगस्टमध्ये, आणि हेच फ्लोरिडाच्या उन्हाचे, दमट हवेचे आणि दुपारच्या गडगडाटी पावसाचे दिवस. वीज चमकू लागली की उघड्यावरची खेळणी बंद होतात, ती माणसं छपराखालच्या रांगांत शिरतात. पावसाळी अंगरखा घालून पाऊस ओसरेपर्यंत तग धरणाऱ्याला पुढचा अर्धा-पाऊण तास बक्षीस मिळाल्यासारखा असतो, कारण तोवर कितीतरी कुटुंबं कंटाळून परतलेली असतात. दिवाळी जोडून नोव्हेंबरच्या सुरुवातीला जाऊ असं न्यू जर्सीतल्या एडिसनमधली मराठी मंडळी ठरवतात, पण त्याच सुमाराला त्या राज्यातल्या शिक्षकांच्या अधिवेशनासाठी तिथल्या शाळा बंद असतात. अख्खं राज्य तोच विचार करून निघतं. ऑरलँडोत त्या दिवसांना जर्सी वीक असं नावच पडलं आहे.

एवढं मोजूनमापून फिरायचं तर सहल कसली, ती तर परीक्षा, असं म्हणणारे भेटतात. त्यांच्याबद्दल मला सहानुभूती आहे. मिनिटामिनिटाचं वेळापत्रक हातात धरून मुलांना फरपटत नेणारे बाप तिथे पैशाला पासरी आहेत, आणि ते बघवत नाही. पण हे मोजमाप जितकं आदल्या रात्री घरी किंवा हॉटेलात होईल, तितकं ते उद्यानात करावं लागत नाही. सकाळचे दोन-तीन खेळ पक्के ठरले की पुढचा दिवस मोकळाच असतो. वेळापत्रकाची सक्ती वाढते ती यादी लांब असल्यामुळे. सगळं बघायचं हा हट्ट धरला की फोनवरून नजर हटत नाही.

म्हणून कात्री. आषाढीला पंढरपुरात पदस्पर्शाची रांग मैलोन्‌मैल लांबलेली असते. लाखो वारकरी तिच्या वाटेला जातच नाहीत. चंद्रभागेत स्नान, कळसाचं दर्शन आणि परतीची वाट. त्यांना आपली वारी अधुरी वाटत नाही, कारण काय सोडायचं हे ते घरूनच ठरवून निघालेले असतात. हीच तयारी ऑरलँडोत चालते. सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेन ही रोलर कोस्टर २०१४ मध्ये आली तेव्हापासून तिथे बहुतेक वेळ तासाच्या वर रांग असते. खेळ चांगला आहे, पण सव्वा तासाचा नाही. ती सोडली तर त्याच वेळात भूतबंगला, समुद्री चाच्यांची नौका आणि सावलीतलं एक निवांत जेवण एवढं होतं. मूल रडेल, हे खरं. पण मुलांची यादी बहुधा आईबापांनीच जाहिराती बघून वाढवलेली असते. २०१२ मध्ये डम्बोच्या उडत्या हत्तींसाठी दुसरं चक्र बसवलं, शेजारी थंड हवेचा तंबू उभारला आणि त्यात खेळायला घसरगुंड्या ठेवल्या. आईबापांच्या हातात एक छोटं यंत्र, नंबर आला की ते थरथरायचं. नंबर लागल्यावरही घसरगुंडी सोडून हत्तीवर जायला नकार देणारी पोरं तिथे काही थोडी नव्हती.

ज्यांना यातलं काहीच निवडता येत नाही असा एक मोठा वर्ग आहे: सहलीच्या कंपनीबरोबर आलेला. नाश्ता आटोपून, डोकी मोजून बस निघते ती उद्यानात पोचेपर्यंत अकरा वाजलेले असतात, म्हणजे रांगा जवळपास माथ्यावर. अशांनी माइन ट्रेनकडे धावू नये. आधी जेवून घ्यावं, कारण साडेबारा ते दोन जेवणाच्या रांगाही खेळण्यांइतक्याच लांब होतात. मग थंड हवेतले, भराभर माणसं घेणारे खेळ करावेत. संध्याकाळी आतषबाजीसाठी किल्ल्यासमोर सगळे खच्चून उभे असतात तेव्हा मागच्या बाजूच्या रांगा बऱ्याच उतरतात. बस तेवढा वेळ थांबणार असेल, तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी: उद्यान बंद होण्याच्या वेळेआधी जो रांगेत शिरला, त्याला खेळायला मिळतंच, मग घड्याळात काहीही वाजो. शेवटच्या दहा मिनिटांत माइन ट्रेनच्या फलकावर लिहिलेली वेळ बहुधा प्रत्यक्षापेक्षा जास्त असते, नवी माणसं येऊ नयेत म्हणून. फलक वाचून परत फिरू नये. सहलीच्या व्यवस्थापकाला मात्र बस किती वाजता निघणार हे सकाळीच पक्कं विचारलेलं असावं.